नाव तेच, ओळख निराळी

स्थलांतराचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर माणसांचे तांडे, उठलेली गावे, धरणाच्या पाण्याखाली गेलेली घरे येतात. साहित्याच्या अभ्यासकाला फार तर एका मठातून दुसऱ्या मठात गेलेल्या पोथ्या आठवतात. संगणकाच्या वापरकर्त्याचे ‘प्रोफाइल’ जुन्या डोमेनमधून नव्या डोमेनमध्ये हलवणे हा प्रकार या मालिकेत बसवणे प्रथमदर्शनी विनोदी वाटेल. ते काम संगणक विभागातील माणसे सुट्टीच्या दिवशी उरकतात आणि त्याची बखर कोणी लिहीत नाही. तरीही या क्षुल्लक भासणाऱ्या कामाच्या पोटात एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. माणसाचे नाव तेच, काम तेच, बसण्याची खुर्चीही तीच. पण त्याला ओळखणारी संस्था बदलली, तर तो तोच माणूस राहतो काय? या प्रश्नाला संगणकाच्या जगाने गेल्या साठ वर्षांत जी उत्तरे दिली, त्यांचा हा आढावा आहे.

प्रथम दोन संज्ञा स्पष्ट करून घेऊ. अनेक संगणक एका कारभाराखाली आणले, कोणास आत घ्यावयाचे आणि कोणास काय उघडू द्यावयाचे हा निर्णय प्रत्येक यंत्रावर न सोडता एका मध्यवर्ती सर्व्हरकडे सोपवला, म्हणजे ‘डोमेन’ तयार होते. तो एक परगणा आहे असे समजावे : हद्द ठरलेली, दप्तर एक, हुकूम एकाचा. ‘प्रोफाइल’ म्हणजे त्या परगण्यात एखाद्या रहिवाशाने मांडलेला संसार. त्याचे दस्तऐवज, पडद्यावर त्याने लावून ठेवलेल्या खुणा, ब्राउझरमध्ये जपलेले पत्ते, कळफलकाची निवड, शब्दसंपादकाला त्याने एकेक करून शिकवलेले शब्द, हे सारे त्यात येते.

हा संसार किती खासगी असतो हे तो हरवल्यावरच कळते. आमच्या महाविद्यालयातील सर्व्हर बदलला तेव्हा सर्वांची खाती नव्या डोमेनमध्ये उघडण्यात आली. नावे तीच ठेवली होती, पासवर्ड मात्र नवे. आमच्या एका सहकारी प्राध्यापिकेने नेहमीच्या यंत्रावर आपले नेहमीचे नाव टंकित केले आणि समोर आला तो कोरा पडदा. प्रबंधाच्या फाइली दुसऱ्या तबकडीवर असल्याने सुखरूप होत्या. गेले होते ते निराळेच. लांबलचक ग्रंथनामे आणि वारंवार येणाऱ्या संज्ञा दोन-तीन अक्षरांत उमटाव्यात म्हणून वर्डच्या आपोआप दुरुस्तीच्या यादीत त्यांनी कित्येक वर्षे भरलेली लघुरूपे गेली होती, आणि शब्दसंपादकाने चूक मानू नये म्हणून स्वतःच्या शब्दकोशात टाकलेले जुने शब्दही गेले होते. कागदपत्रे राहिली आणि हाताची सवय गेली. तंत्रज्ञाने पाहून सांगितले की जुने प्रोफाइल यंत्रावरच आहे, जसेच्या तसे. फक्त ‘ते आता तुमचे नाही’. हे वाक्य तांत्रिक दृष्ट्या अगदी अचूक होते. ते अचूक का होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

संगणकाला आरंभी माणसाची ओळख पटवून घेण्याची गरजच नव्हती. खोलीभर यंत्र, त्याच्या पुढ्यात छिद्रपत्रांचा गठ्ठा आणि एका वेळी एकाचेच काम. गरज निर्माण झाली ती एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी बसण्याची कल्पना प्रत्यक्षात आली तेव्हा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये ‘सीटीएसएस’ या कालविभाजन प्रणालीचे पहिले प्रात्यक्षिक दाखवले. यंत्र एक आणि माणसे अनेक झाल्याबरोबर प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या ठेवणे आले, आणि त्यासाठी पासवर्ड आला. पुढे जगभर पसरलेल्या या कुलपाचा जन्म असा घरगुती कारणाने झाला. ते कुलूप फार भक्कमही नव्हते : १९६२ मध्येच ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने सगळ्यांच्या पासवर्डची यादी छापून घेतली होती, आणि हेतू एवढाच की आपल्याला यंत्रावर अधिक वेळ मिळावा.

आमच्या दृष्टीने सीटीएसएसमधील अधिक अर्थपूर्ण गोष्ट दुसरी आहे. तेथे माणसाची फाइलपेटी दोन क्रमांकांच्या जोडीने ओळखली जाई : एक तो ज्या प्रकल्पात काम करतो त्याचा क्रमांक, दुसरा त्याचा स्वतःचा. म्हणजे यंत्राच्या लेखी निखळ व्यक्ती अशी कधी नव्हतीच; पहिल्यापासून ती ‘अमक्या ठिकाणची तमकी’ होती. आपल्याकडील गावावरून पडलेली आडनावे आठवावीत. फरक एवढाच की वाईकर वाई सोडून गेला तरी वाईकरच राहतो. यंत्राच्या जगात गाव सुटले की आडनावही सुटते.

१९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्स प्रणालीने ही कल्पना आणखी कोरडी आणि आणखी स्वच्छ केली. युनिक्समध्ये फाइलवर मालकाचे नाव लिहिलेलेच नसते, लिहिलेला असतो तो एक क्रमांक. नाव आणि क्रमांक यांची सांगड एका वेगळ्या वहीत असते. फाइलींची यादी मागितली की प्रणाली ती वही उघडून क्रमांकाजागी नाव दाखवते, आणि आपल्याला वाटते की यंत्र आपल्याला नावाने ओळखते. एखाद्याचे खाते त्या वहीतून काढून टाकले की भ्रम फिटतो : त्याच्या फाइलींपुढे नावाऐवजी नुसता आकडा उभा राहतो. बेवारस घराच्या दारावरचा पालिकेचा क्रमांक असावा तसा.

एका यंत्रापुरती ही व्यवस्था पुरेशी होती. यंत्रे एकमेकांना जोडली गेली तेव्हा अडचण झाली. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये ‘एनएफएस’ ही पद्धत आणली आणि एका यंत्रावरील फाइली दुसऱ्या यंत्रावर जणू स्वतःच्याच असल्यासारख्या दिसू लागल्या. मात्र सर्व्हर तेथेही क्रमांकावरच विश्वास टाकी. एका यंत्राच्या वहीत ५०१ हा क्रमांक एकाचा आणि दुसऱ्या यंत्राच्या वहीत तोच क्रमांक दुसऱ्याचा असेल, तर दुसऱ्याला पहिल्याचे कागद बिनदिक्कत आपले म्हणून मिळत. तेव्हा साऱ्या यंत्रांची वही एकच हवी हे उघड झाले. सनने अशी सामाईक वही तयार केली आणि तिला ‘यलो पेजेस’ असे नाव दिले; ब्रिटनमध्ये त्या नावावर दूरध्वनी कंपनीचा व्यापारी हक्क असल्याने ते पुढे बदलावे लागले. ओळखीची वही तयार करणाऱ्यांनाच स्वतःचे नाव बदलावे लागावे, हा योगायोग गमतीचा आहे.

याच सुमारास, १९८३ मध्ये, एमआयटीत ‘प्रोजेक्ट अथीना’ सुरू झाला. डिजिटल इक्विपमेंट आणि आयबीएम या कंपन्यांचे त्याला साह्य होते. विद्यापीठाच्या आवारातील कोणत्याही यंत्रासमोर विद्यार्थ्याने बसावे आणि त्याला तेथे आपलेच कागद, आपलीच मांडणी मिळावी, असे अथीनाचे स्वप्न होते. माणूस यंत्राचा बांधील राहू नये, हा त्यामागचा उदार विचार. मात्र त्यासाठी ‘मी तोच आहे’ हे दर वेळी सिद्ध करणारी यंत्रणा हवी होती. त्यातून ‘केर्बेरॉस’ निपजला. हे नाव ग्रीक पुराणातील पाताळाच्या दारावरच्या तीन तोंडांच्या कुत्र्याचे. यात पासवर्ड तारेवरून कधी पाठवला जात नाही. विश्वासू मध्यस्थ ठरावीक मुदतीचे तिकीट देतो आणि प्रत्येक दारावर ते दाखवायचे असते. संस्कृत नाटकाच्या अभ्यासकाला ही कल्पना परकी वाटू नये. ‘अभिज्ञानशाकुन्तल’ या नावातील अभिज्ञान म्हणजे ओळखीची खूणच. शकुंतला तीच आहे, तिचे नाव तेच आहे, पण अंगठी नाही म्हणून दरबाराच्या लेखी ती कोणीच नाही. दुष्यंताच्या विस्मृतीला शापाचे निमित्त तरी आहे. सर्व्हरला तेही लागत नाही.

आता आपण मूळ प्रसंगाच्या जवळ आलो. डिजिटल इक्विपमेंटमधून १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आलेल्या डेव्हिड कटलर यांच्या नेतृत्वाखाली घडलेली विंडोज एनटी प्रणाली जुलै १९९३ मध्ये बाजारात आली. आज ज्याला आपण डोमेन म्हणतो त्याचा कार्यालयांतील व महाविद्यालयांतील प्रसार मुख्यत्वे हिच्यामुळे झाला. एनटीमध्ये प्रत्येक खात्याला एक सुरक्षा-क्रमांक मिळतो. तंत्रज्ञ त्याला ‘सिड’ म्हणतात. डोमेनमधील खात्याचा सिड ‘एस-१-५-२१’ असा सुरू होतो, पुढे डोमेन स्थापन होताना यदृच्छेने निवडलेल्या तीन मोठ्या संख्या येतात आणि अखेरीस त्या डोमेनमधील खातेदाराचा अनुक्रमांक येतो. प्रत्येक डोमेनच्या मुख्य प्रशासकाचा अनुक्रमांक ५००, पाहुण्याचा ५०१, आणि नव्याने उघडलेल्या सामान्य खात्यांचे १००० पासून पुढे. म्हणजे सीटीएसएसची ती जुनी जोडीच येथे परत आली आहे : आधी कुळ, मग माणूस.

नाव या क्रमांकावर लावलेली पाटी असते. लग्नानंतर एखाद्या बाईंनी खात्याचे नाव बदलले तरी सिड बदलत नाही आणि त्यांच्या एकाही फाइलीला त्याची वार्ता लागत नाही. उलट, चुकून पुसले गेलेले खाते त्याच नावाने पुन्हा उघडले, तर नवा सिड मिळतो आणि त्या नावाचा माणूस आपल्याच कागदांना परका होतो. नामरूपाचा विचार आपल्या परंपरेने पुष्कळ केला. नाव खोटे आणि क्रमांक खरा, हा निष्कर्ष मात्र यंत्राचाच.

फाइलींवरचे अधिकारही याच क्रमांकाने नोंदलेले असतात. प्रत्येक फाइलीला जणू स्वतःचा सातबारा असतो : मालक कोण, वाचण्याचा हक्क कोणाला, बदलण्याचा कोणाला. प्रोफाइलचा सातबाराही तसाच. शिवाय त्यातील ‘एनटीयूजर.डॅट’ या फाइलीत वापरकर्त्याच्या साऱ्या पसंती साठवलेल्या असतात आणि तिच्या आतल्या नोंदींवर हक्कांची आणखी एक नोंदवही असते. तिसरी नोंद यंत्राच्या रजिस्ट्रीत, ‘प्रोफाइललिस्ट’ या यादीत : अमुक सिडचे घर अमुक फोल्डरात. नव्या डोमेनचा नवा सिड घेऊन माणूस आला की यंत्र ही यादी पाहते, त्याला तो सिड सापडत नाही, आणि ते निमूटपणे नवे घर बांधून देते. जुन्या नावाचा फोल्डर आधीच असल्याने नव्या फोल्डराच्या नावापुढे टिंब देऊन डोमेनचे नाव जोडले जाते. तेही आधीचे असेल तर पुढे ‘०००’ हा आकडा लागतो. आमच्या सहकारी बाईंच्या यंत्रावर एकाच नावाचे असे दोन फोल्डर शेजारी शेजारी उभे होते. जुने घर शाबूत, मालकीण दारात, आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याच कोणाचे. तंत्रज्ञाचे वाक्य अचूक होते ते या अर्थाने.

ही वेळ येतेच कशाला, असे वाचक विचारतील. डोमेन बदलण्याचे कारण बहुधा माणसाच्या आयुष्यात नसते, संस्थेच्या आयुष्यात असते. कटलर ज्या डिजिटल इक्विपमेंटमधून बाहेर पडले, ती कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकने घेतली आणि कॉम्पॅक २००२ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली. तेथील एखादा कर्मचारी त्याच टेबलाशी बसून चार वर्षांत तीन कंपन्यांचा झाला. आपल्याकडे १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातील प्राध्यापक आपापल्या वर्गातून न हलता शिवाजी विद्यापीठातून नव्या विद्यापीठात गेले. संस्था हलतात आणि माणसे हलवली जातात. संगणकातील स्थलांतराची गोष्ट याहून वेगळी नाही.

एनटीच्या काळात डोमेनचे खातेपुस्तक साधारण ४० मेगाबाइटच्या आत ठेवावे अशी शिफारस असे. म्हणून मोठ्या संस्था अनेक डोमेन करीत आणि त्यांच्यात ‘विश्वासाचे’ करार करीत. ट्रस्ट हाच शब्द तंत्रज्ञ वापरतात. परंतु एका डोमेनमधील खाते उचलून दुसऱ्यात ठेवण्याची सोय नव्हती. तेथे खाते नव्याने जन्माला घालावे लागे, आणि पुनर्जन्मात पूर्वजन्मीचे काही आठवत नाही हा नियम येथे तंतोतंत लागू होता.

१७ फेब्रुवारी २००० रोजी विंडोज २००० प्रसिद्ध झाली आणि तिच्याबरोबर ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ ही नवी रचना आली. डोमेनचे वृक्ष आणि वृक्षांचे वन, अशी तिची परिभाषा. जुन्या डोमेनमधील लाखो खाती आता या वनात आणावयाची होती. एनटी ४.० सर्व्हरसाठीचे साह्य २००४ च्या अखेरीस थांबले, तेव्हा न हलणाऱ्यांनाही हलावे लागले. या स्थलांतरासाठी रचनाकारांनी खात्याच्या नोंदीत एक नवा रकाना ठेवला; त्याचे नाव ‘सिड-हिस्टरी’. नव्या डोमेनमध्ये माणसाला नवा क्रमांक मिळतो, मात्र या रकान्यात त्याचा जुना क्रमांक लिहून ठेवतात. तो दारावर आला की त्याच्या ओळखपत्रावर दोन्ही क्रमांक असतात, आणि ज्या फाइलीने अजून त्याला जुन्याच क्रमांकाने ओळखले आहे तीही दार उघडते. माहेरचे नाव कंसात लिहिण्याची आपली रीत आठवावी. यंत्राने माणसाच्या पूर्वायुष्याला दिलेली ही पहिली अधिकृत मान्यता होती, असे आम्ही मानतो.

स्थलांतराचे दोन प्रकारही तेव्हा रूढ झाले. एकाच वनातील एका डोमेनमधून दुसऱ्यात जाणे म्हणजे खरोखरचे ‘जाणे’. जुन्या जागी खाते उरत नाही. एका वनातून दुसऱ्या वनात जाताना मात्र खात्याची प्रत केली जाते आणि काही काळ एकच माणूस दोन्हीकडे जिवंत असतो. मायक्रोसॉफ्टने यासाठी ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी मायग्रेशन टूल’ हे साधन दिले. त्याच्या पहिल्या आवृत्तीत पासवर्ड बरोबर नेता येत नसे. २००३ मधील दुसऱ्या आवृत्तीत ती सोय झाली. हे साधन यंत्रायंत्रांवर फिरून फाइलींचे, रजिस्ट्रीचे आणि प्रोफाइलचे सातबारे तपासते आणि जुन्या क्रमांकाच्या जागी नवा लिहिते, किंवा जुन्याच्या शेजारी नवा जोडते. तलाठ्याच्या दप्तरातील फेरफाराची नोंद ती हीच. काम साधे दिसते. पण एखादे यंत्र त्या दिवशी बंद असले, एखाद्या बाईंचा लॅपटॉप घरी राहिला, की तेवढे घर जुन्याच क्रमांकाचे राहते.

इतिहास सांगणाऱ्या रकान्याला खोट्या इतिहासाची भीती असतेच. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा होईपर्यंत त्याने पेशवाईला किती घोर लावला, हे न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकामुळे साहित्याच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक आहे. सिड-हिस्टरीच्या रकान्यात दुसऱ्या डोमेनच्या प्रशासकाचा क्रमांक घुसवला, तर पाहुणा मालक होऊन बसू शकतो, ही शक्यता जानेवारी २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षापत्रकाने मान्य केली. त्यावर उपाय आला तो ‘सिड-गाळणी’चा : परक्या डोमेनमधून येणाऱ्याच्या ओळखपत्रावर त्या डोमेनचे नसलेले क्रमांक असले, तर ते सीमेवरच काढून टाकावेत. तोतयाला रोखण्याचा हा इलाज खऱ्या भाऊंनाही लागू पडतो. प्रामाणिक स्थलांतरिताचा भूतकाळही त्याच गाळणीत अडकतो.

स्मृतीला वजनही असते. माणूस प्रवेश करताना यंत्र त्याचे सारे क्रमांक, तो ज्या गटांत आहे त्यांचे क्रमांक आणि त्यांचे जुने क्रमांक एकत्र करून ओळखपत्र बनवते. एका ओळखपत्रात १,०२४ हून अधिक क्रमांक मावत नाहीत. त्यापलीकडे गेले तर माणसाला प्रवेशच मिळत नाही. वारंवार स्थलांतर झालेल्या, जुना इतिहास न पुसलेल्या संस्थांत अशी अडचण खरोखर येते. म्हणून सारे सातबारे नव्या क्रमांकावर झाले की सिड-हिस्टरी पुसून टाकावी, असा शिरस्ता पडला. पूर्वायुष्याची मान्यता ही कायमची नव्हती. ती मुदतीची सवलत होती.

या साऱ्या इतिहासात आम्हांस एक क्रम स्पष्ट दिसतो, आणि या लेखाचे म्हणणे तेच आहे. माणूस यंत्रात तीन गोष्टी ठेवतो : हक्क, कागद आणि सवयी. हक्क म्हणजे कोणते दार उघडते. कागद म्हणजे त्याने लिहिलेले. सवयी म्हणजे तो लिहितो कसा. संस्थांनी सर्वांत आधी आणि सर्वांत नेटाने हलवले ते हक्क, कारण हक्क संस्थेचे असतात. कागद हलवले गेले, कारण तेही बहुतांशी संस्थेच्या कामाचे. सवयी मात्र नेहमी शेवटी, जमल्यास. १९९० च्या दशकात एनटीने ‘भ्रमण करणारे’ प्रोफाइल आणले. ते सर्व्हरवर राही आणि माणूस जाईल त्या यंत्रावर उतरे. अथीनाचेच ते स्वप्न. पण २००७ मध्ये सर्वांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाने प्रोफाइलची अंतर्गत रचना बदलली, आणि जुन्या प्रोफाइलशेजारी नावाला ‘व्ही२’ जोडलेले दुसरे प्रोफाइल उभे राहिले. विंडोज १० पर्यंत ही गणना ‘व्ही६’वर गेली. डोमेन तेच, सिड तोच, आणि तरीही सवयींची घरे वेगवेगळी. एखादे प्रोफाइल उचलून दुसऱ्या खात्याच्या हवाली करण्याचे बटण विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये होते. विंडोज ७ मध्ये ते मूळ नमुन्याच्या प्रोफाइलखेरीज इतरांसाठी बंद झाले. वापरकर्त्याच्या पासवर्डाशी आणि सिडशी बांधलेल्या गुप्तकिल्ल्यांची गोष्ट आणखी कठीण : तयारी न करता स्थलांतर झाले, तर त्याने स्वतःच कुलूपबंद केलेल्या फाइली त्यालाच उघडत नाहीत.

ही कथा संपलेली नाही. गेल्या दशकात संस्थांनी आपले सर्व्हर मोडीत काढून खाती मायक्रोसॉफ्टच्या दूरस्थ डिरेक्टरीत नेण्यास आरंभ केला. २०२३ मध्ये तिचे नाव ‘आंत्रा आयडी’ असे झाले. तेथील सिडचा आरंभ ‘एस-१-१२-१’ असा होतो; कुळच बदलले. यंत्र जुन्या डोमेनमधून काढून तेथे जोडले की त्याच नावाच्या माणसापुढे पुन्हा एकदा कोरा पडदा येतो.

साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रश्नाकडे पाहावे, असे आम्ही म्हणतो त्याला व्यावहारिक कारण आहे. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने २००६ मध्ये सलमान रश्दी यांचे कागदपत्र घेतले, तेव्हा त्यांत त्यांचे जुने मॅकिंटॉश संगणकही होते. तेथील ग्रंथपालांनी फाइली तेवढ्या उतरवून घेतल्या नाहीत. एका संगणकाचे सारे वातावरण कृत्रिमरीत्या पुन्हा उभे केले, आणि २०१० पासून संशोधकाला रश्दींच्या पडद्यासमोर बसल्याप्रमाणे त्यात वावरता आले. लेखकाने फोल्डर कसे रचले, कोणती साधने हाताशी ठेवली, हाही संहितेच्या अभ्यासाचा पुरावा आहे, हे त्या ग्रंथपालांनी ओळखले. हस्तलिखितातील खाडाखोड, समासातील टीप, शाईचा बदल यांवर आपण प्रबंध लिहितो. आजच्या लेखकाची खाडाखोड त्याच्या प्रोफाइलमध्ये आहे. शब्दसंपादकाला त्याने शिकवलेल्या शब्दांची यादी ही त्याच्या शब्दसंपत्तीची त्यानेच केलेली नोंद आहे. कोशकाराला याहून विश्वसनीय काय हवे?

मराठी लेखकाच्या बाबतीत हे अधिकच निकडीचे ठरते. देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक निवडलेला असणे, बोलीतील आणि जुन्या मराठीतील शब्द स्वतःच्या कोशात असणे, ही मराठीत लिहिण्याची सोय बहुतेकांनी प्रोफाइलमध्ये स्वतःच्या हाताने उभी केली आहे. संस्थेने ती दिलेली नाही. आणि स्थलांतराच्या वेळी संस्था प्रथम विसरते ती नेमकी न दिलेली गोष्ट. संगणक विभागाकडून सर्व्हर बदलण्याची सूचना येईल तेव्हा ‘फाइली राहतील ना?’ एवढेच आपण विचारतो. त्याबरोबर शब्दकोशाची यादी, लघुरूपांची यादी, कळफलकाची मांडणी यांविषयीही लेखी विचारणा करावी, आणि या वस्तू आपल्याच हाताने एका वेगळ्या जागी उतरवून ठेवाव्यात. नवा परगणा नवा क्रमांक देईल आणि जुना यथाकाल पुसला जाईल. त्यावर आपला इलाज नाही. भाषेत आपण स्वतःसाठी केलेली जागा मात्र कोणत्याही क्रमांकाची कमाई नव्हे. ती सोबत नेण्याची जबाबदारी यंत्रावर टाकून चालणार नाही.